गुहेतील डायव्हिंगसाठी दिवा किती प्रखर असावा?

पुण्यात स्कूबा शिकणाऱ्यांची सुरुवात बहुधा एखाद्या जलतरण तलावात होते, पुढे मालवण-तारकर्ली, नेत्राणी, अंदमान अशी पाण्याची ओळख वाढत जाते आणि त्यांतले मोजके जण काही वर्षांनी गुहेतल्या डायव्हिंगकडे वळतात. आपला सह्याद्री बेसॉल्टचा आहे. चुनखडीसारखा तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने भरलेल्या मैलोगणती लांबीच्या गुहा आपल्या आसपास नाहीत. साहजिकच पुण्याच्या डायव्हरची पहिली गुहा मेक्सिकोत, फ्लोरिडात किंवा फ्रान्समध्ये असते, आणि तिथे जाण्यापूर्वीची बरीचशी खरेदी मात्र इथेच बसून, खोक्यावरचे आकडे वाचून करावी लागते. या खरेदीत सर्वांत जास्त गोंधळ दिव्याच्या बाबतीत होतो. ज्याचे लुमेन जास्त तो दिवा चांगला, असे गृहीत धरले जाते आणि खर्च करूनही गुहेत त्रास देणारी वस्तू पदरी पडते. दिव्याची प्रखरता कोणत्या क्रमाने ठरवावी, हे मी स्वतः चुका करत शिकलो; तो क्रम इथे सविस्तर मांडतो आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. हा लेख प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. डोक्यावर छत असलेल्या पाण्यात रीतसर केव्ह प्रशिक्षणाशिवाय शिरू नये, मग हातात कितीही चांगला दिवा असो. हातात झगझगीत दिवा असला की 'थोडेसेच आत जाऊन पाहू' असा मोह होतो, आणि तो मोह जीवघेणा आहे.

दिव्याचे स्थान आधी समजून घ्यावे

अमेरिकन केव्ह डायव्हर शेक एक्सली यांनी 1970च्या दशकात गुहांमधील मृत्यूंचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा ठळकपणे तीन कारणे पुढे आली: उघड्या पाण्यापर्यंत अखंड जाणारी लाइन (परतीची वाट दाखवणारी दोरी) नसणे, परतीसाठी दोन तृतीयांश हवा राखून न ठेवणे आणि झेपणार नाही इतके खोल जाणे. प्रशिक्षण आणि दिवे यांचा समावेश या सूत्रात पुढे झाला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. दिवा लाइनची जागा घेऊ शकत नाही आणि हवेचीही नाही. म्हणून दिव्यासाठी पैसे बाजूला काढताना चांगली रील (लाइन गुंडाळण्याचे चाक), रेग्युलेटरची (टाकीतली हवा श्वासाला देणाऱ्या यंत्राची) वेळेवर सर्व्हिसिंग आणि प्रशिक्षण यांना कात्री लावू नये.

प्रत्येक डायव्हरकडे किमान तीन दिवे असावेत, हा केव्ह डायव्हिंगमधला सर्वमान्य नियम आहे: एक मुख्य आणि दोन राखीव. यामुळे 'किती प्रखर' हा प्रश्न एकाच दिव्याचा राहत नाही. तीन दिव्यांचा मिळून एक संच आहे असे समजून निर्णय घ्यावा लागतो, कारण मुख्य दिवा आणि राखीव दिवा यांच्यात फार मोठी तफावत असेल तर मुख्य दिवा बंद पडल्याच्या क्षणी डोळ्यांपुढे काही काळ काळोखच राहतो.

पहिली पायरी: लुमेन बाजूला ठेवून झोत पाहावा

लुमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो, हे लुमेन सांगत नाही. एका दिशेला तो किती एकवटला आहे, हे कँडेला सांगते. आणि समोरच्या भिंतीवर प्रत्यक्षात किती उजेड पडला, हे लक्स सांगते. शेतात पाइपने पाणी देताना तोंडावर अंगठा ठेवला की तेच पाणी लांब जाते, अंगठा काढला की पायाशी पसरते. पाण्याचे माप बदलत नाही, पोच बदलते. लुमेन हे पाण्याचे माप आहे आणि कँडेला ही त्या धारेची पोच आहे.

याचा हिशेब करून पाहिला तर फरक किती मोठा आहे ते कळते. 1000 लुमेन पूर्णपणे 8 अंशांच्या झोतात एकवटले, तर सुमारे 65,000 कँडेला मिळतात. तेच 1000 लुमेन 60 अंशांत पसरले, तर जेमतेम 1,200 कँडेला उरतात. अंतराच्या वर्गाने कँडेलाला भागले की लक्स मिळतात, म्हणजे पाण्यातले शोषण क्षणभर विसरले तर 5 मीटरवरच्या भिंतीवर पहिला दिवा 2,600 लक्स पाडेल आणि दुसरा 50च्याही आत. खोक्यावर दोन्ही दिव्यांचा आकडा तोच आहे. खऱ्या दिव्यात सगळा प्रकाश मध्यभागी नसतो, थोडा कडेला सांडतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून कमी असतो. तरीही तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

अंतराचा वर्ग हा मुद्दा आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. दुप्पट लांबचे तितक्याच स्पष्टपणे पाहायचे असेल तर कँडेला चौपट लागतात, आणि पाणी वाटेत प्रकाश शोषत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. त्यातच आपल्या डोळ्याची उजेडाची जाणीव सरळ प्रमाणात वाढत नाही. 1000 लुमेनच्या जागी 2000 लुमेन आले म्हणून उजेड दुप्पट वाटत नाही, किंचित वाढल्यासारखा वाटतो. मात्र बॅटरी जवळजवळ दुप्पट वेगाने संपते. हा व्यवहार तोट्याचा आहे, आणि दुकानात दोन दिवे शेजारी ठेवून तुलना करताना तो लक्षात येत नाही.

खोक्यावर कँडेला दिलेले नसतील आणि फक्त झोताची पोच मीटरमध्ये दिली असेल, तर निराश होऊ नये. एफएल-1 या मापनपद्धतीत ही पोच म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर येतो ते हवेतले अंतर असते. त्या अंतराचा वर्ग करून चारने भागले की कँडेला मिळतात. 300 मीटर लिहिले असेल तर 90,000 भागिले 4, म्हणजे 22,500 कँडेला. पाण्यात 300 मीटर दिसणार नाही हे उघडच आहे; पण दोन दिव्यांची तुलना करायला हा आकडा लुमेनपेक्षा कितीतरी प्रामाणिक ठरतो.

झोताचा कोन हवेतला दिला आहे की पाण्यातला, हेही विचारावे. सपाट काचेतून प्रकाश पाण्यात शिरताना वळतो आणि झोत अरुंद होतो. हवेतला 8 अंशांचा झोत पाण्यात 6 अंशांच्या आसपास येतो, आणि 60 अंशांचा सुमारे 44 वर. दुकानात भिंतीवर पाडून पाहिलेला झोत पाण्यात तसाच राहील, अशी अपेक्षा ठेवू नये.

गुहेतल्या मुख्य दिव्यासाठी पाण्यात 6 ते 10 अंशांचा घट्ट, कडा स्पष्ट असलेला झोत आणि त्याभोवती अगदी मंद सांडलेला उजेड, ही माझ्या मते योग्य रचना आहे. तो मंद उजेडही हवाच. तो अजिबात नसेल तर नळीतून पाहिल्यासारखे वाटते आणि बाजूने जाणारी लाइन नजरेतून सुटते.

दुसरी पायरी: पाणी कसे आहे आणि भिंती कोणत्या रंगाच्या आहेत

पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून गाडी चालवलेल्या कोणालाही हा मुद्दा वेगळा शिकवावा लागत नाही. धुके दाट असताना दिवे अपरवर टाकले की समोर पांढरी भिंत उभी राहते, आणि डिपरवर आणले की रस्त्याची कडा पुन्हा दिसू लागते. धुक्यातले पाण्याचे थेंब प्रकाश परत आपल्याच डोळ्यांवर फेकतात. गुहेत ढवळलेला गाळ नेमके हेच करतो. अशा वेळी प्रखरता वाढवली तर गाळच अधिक उजळतो, पलीकडची भिंत मात्र दिसत नाही. रुंद झोत इथे सर्वांत वाईट, कारण तो डोळ्यांसमोरचे सगळेच कण पेटवतो. अरुंद झोत हात लांब करून, डोळ्यांच्या रेषेपासून बाजूला धरला तर नजरेच्या वाटेतले कमी कण उजळतात आणि थोडे तरी दिसते.

2018 साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून 12 मुले आणि त्यांचे प्रशिक्षक यांची सुटका झाली. पाणी उपसण्याच्या कामात साहाय्य करायला पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिथे गेले होते, त्यामुळे आपल्याकडे ती घटना जवळची वाटली. त्यानंतर मला अनेकांनी विचारले की त्या डायव्हर्सकडे कोणते जबरदस्त दिवे होते. उत्तर असे, की तिथल्या गढूळ पाण्यात बऱ्याच भागात हातभरही दिसत नव्हते आणि वाट लाइनला हात लावूनच काढावी लागत होती. शून्य दृश्यमानतेत 500 लुमेन आणि 5,000 लुमेन यांची किंमत सारखीच. त्या परिस्थितीसाठी दिवा विकत घेता येत नाही; डोळे बंद करून लाइनवरून परतण्याचा सराव करावा लागतो.

स्वच्छ पाण्यात मात्र भिंतींचा रंग निर्णायक ठरतो. मेक्सिकोच्या युकातान भागातल्या गुहांमध्ये चुनखडी बऱ्याच ठिकाणी पांढरट आहे आणि पाणी नितळ. तिथे एक माफक दिवाही संपूर्ण दालन उजळवतो, कारण भिंती प्रकाश परत फेकतात. फ्लोरिडातल्या काही गुहांच्या भिंतींवर मात्र गडद तपकिरी-काळसर थर असतो आणि तोच दिवा तिथे गिळला गेल्यासारखा वाटतो. पांढरा चुना दिलेल्या खोलीत एक मेणबत्ती पुरते आणि धुराने काळवंडलेल्या स्वयंपाकघरात तीच अपुरी पडते, तसाच हा प्रकार. म्हणून 'कोणता दिवा चांगला' हे विचारण्याआधी 'मी पहिली दोन वर्षे कोणत्या गुहांमध्ये जाणार आहे' हे स्वतःला विचारावे. युकातानसाठी मध्यम प्रखरता पुरते. काळ्या भिंतींच्या मोठ्या बोगद्यांसाठी एक पायरी वर जावे.

युकातानच्या काही गुहांमध्ये वरचे गोडे पाणी आणि खालचे खारे पाणी जिथे भेटते, तिथे पाणी ढवळले गेले की काही काळ सगळे तेल लावलेल्या काचेतून पाहिल्यासारखे अस्पष्ट दिसते. त्या थरातही प्रखर दिवा उपयोगाचा नाही. उंची बदलावी किंवा पुढच्याच्या फिन्समागून बाजूला सरकावे.

तिसरी पायरी: टीममधल्या इतरांचा दिवा पाहावा

माझ्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच वगळली जाते. गुहेत बोलता येत नाही, आणि एकामागे एक पोहत असताना हातांच्या खुणाही दिसत नाहीत. बोलणे दिव्यानेच होते. समोरच्या भिंतीवर झोताने सावकाश काढलेले वर्तुळ म्हणजे सर्व ठीक; सावकाश आडवी हालचाल म्हणजे लक्ष दे; जोरजोरात आडवी हालचाल म्हणजे आणीबाणी. आणि काहीच खूण न करताही, मागच्याच्या झोताचा ठिपका आपल्या बाजूच्या भिंतीवर शांतपणे चालत असतो, तोवर मागचा सोबत आहे हे कळत असते. तो ठिपका नाहीसा झाला की थांबून मागे पाहायचे.

युकातानमधल्या माझ्या सुरुवातीच्या एका डायव्हमध्ये आम्ही तिघे होतो आणि मी मधे. माझ्याकडे 3,000 लुमेनचा, व्हिडिओसाठी बनवलेला रुंद झोताचा दिवा होता आणि पुढे असलेल्या प्रशिक्षकाकडे त्याच्या निम्म्याहून कमी लुमेनचा घट्ट झोताचा. माझ्या मुखवट्यात पाणी शिरू लागले म्हणून मी लक्ष वेधण्यासाठी दिवा आडवा हलवला. त्याने मागे पाहिले नाही. पुन्हा हलवला, तरी नाही. बाहेर आल्यावर त्याने शांतपणे समजावले की माझ्या दिव्याने सगळा बोगदाच एकसारखा उजळला होता. हात हलवल्यावर भिंतीवर काही हललेच नाही, कारण तिथे हलणारा ठिपकाच नव्हता. शिवाय माझ्या उजेडात मागच्या जोडीदाराचा ठिपका पूर्ण बुडाला होता, म्हणजे अर्धा तास प्रशिक्षकाला आमच्यापैकी कोणाचीच खूण मिळत नव्हती. मुखवट्यातले पाणी ही किरकोळ बाब होती. तिथे हवेची नळी फुटली असती तर, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

या अनुभवातून मी काही नियम पाळू लागलो. टीममधील मुख्य दिवे शक्यतो सारख्या झोताचे आणि सारख्या प्रखरतेचे असावेत. तफावत असेलच तर प्रखर दिवा असणाऱ्याने तो कमी पातळीवर चालवावा. दिवे सारखे नसतील तर सर्वांत मंद दिव्याच्या डायव्हरने पुढे राहावे, कारण पुढच्याचा झोत मागच्यांना समोर पाहताना दिसतोच, पण मागच्याचा झोत पुढच्याच्या स्वतःच्या उजेडावर मात करून दिसावा लागतो. आणि चित्रीकरणाचा रुंद दिवा कितीही शक्तिशाली असला, तरी त्याला मुख्य दिवा मानू नये. तो चौथा दिवा असतो, आणि चित्रीकरण संपले की तो बंद करावा.

प्रखर दिव्याची आणखी एक जबाबदारी असते. झोत जोडीदाराच्या डोळ्यांवर गेला तर त्याच्या दृष्टीपुढे काही काळ ठिपका तरळत राहतो आणि त्याला लाइनही धड दिसत नाही. काळोखाला पूर्ण सरावायला डोळ्याला 20 ते 30 मिनिटे लागतात, आणि एका चुकीच्या झोताने ते सगळे पुसले जाते. हाताच्या पाठीवर बसणारे गुडमन हँडल असलेला दिवा मनगट वळवून पटकन खाली करता येतो. हेल्मेटवरचा दिवा अरुंद आणि गढूळ जागांत हात मोकळे ठेवतो म्हणून अनेकांना प्रिय असतो. पण आपण ज्याच्याकडे पाहू त्याच्याच डोळ्यांत तो जातो, हा त्याचा दोष आहे.

चौथी पायरी: ही प्रखरता किती वेळ टिकेल

एफएल-1 पद्धतीत लुमेन मोजले जातात ते दिवा लावल्यानंतर 30 सेकंद ते 2 मिनिटांच्या आत, आणि दिव्याचा चालण्याचा वेळ मोजला जातो तो उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे '2000 लुमेन, 3 तास' असे लिहिलेला दिवा तिसऱ्या तासाच्या शेवटी 200 लुमेन देत असला, तरी तो दावा त्या पद्धतीप्रमाणे खोटा नसतो. आपल्याला विचारायचे असते ते वेगळेच: पूर्ण प्रखरता किती मिनिटे राहते, आणि नंतर ती हळूहळू घसरते की अचानक तुटते.

ऊर्जेचा साधा हिशेब येथे कामी येतो. 21700 आकाराच्या 5,000 मिलीअँपिअर-तासांच्या एका लिथियम-आयन सेलमध्ये 3.6 व्होल्टच्या हिशेबाने 18 वॉट-तास ऊर्जा असते. दिवा 12 वॉट खात असेल तर तो दीड तासापेक्षा जास्त चालूच शकत नाही. एवढ्याशा एका सेलवर 3,000 लुमेन आणि 3 तास असा दावा दिसला, तर मधे कुठेतरी उजेड मोठ्या प्रमाणात कमी होणार हे न सांगताही कळावे.

माझा स्वतःचा नियम असा आहे, की ठरलेल्या डायव्हच्या एकूण वेळेच्या, म्हणजे डीकंप्रेशनसह (वर येताना ठरावीक खोलीवर थांबण्याच्या वेळेसह), दीडपट वेळ मुख्य दिव्याने आपल्या कामाच्या पातळीवर चालले पाहिजे. 80 मिनिटांची योजना असेल तर 120 मिनिटे. जो दिवा पूर्ण पातळीवर 70 मिनिटे आणि निम्म्या पातळीवर अडीच तास चालतो, तो माझ्या लेखी निम्म्या पातळीचाच दिवा आहे, आणि तुलना करताना मी त्याचा तोच आकडा धरतो.

मग आकडा कोणता?

एवढे सगळे पाहून झाल्यावरच आकड्याकडे यावे. नव्याने शिकलेल्या डायव्हरसाठी, सामान्य आकाराच्या आणि स्वच्छ पाण्याच्या गुहांसाठी, घट्ट झोताचा 1000 ते 1500 लुमेनचा मुख्य दिवा मला पुरेसा वाटतो. त्यातून साधारण 25,000 ते 50,000 कँडेला मिळावेत. काळ्या भिंतींच्या विस्तीर्ण बोगद्यांत 2000 लुमेनपर्यंत जाण्यात अर्थ आहे. त्यापलीकडे जाण्याचे कारण बहुधा चित्रीकरण असते किंवा हौस. एलईडी येण्यापूर्वीच्या पिढीने 50 वॉटच्या हॅलोजनवर आणि नंतर 10 ते 21 वॉटच्या एचआयडी (वायूतून वीज वाहवून उजेड देणाऱ्या) दिव्यांवर मैलोगणती गुहा शोधून काढल्या आहेत, आणि आजच्या मानाने त्यांचा उजेड मुळीच डोळे दिपवणारा नव्हता.

प्रखरतेच्या दोन किंवा तीन पातळ्या असाव्यात, पण बटण साधे असावे. दाबत गेले की लुकलुक किंवा एसओएस लागतो, असा दिवा गुहेत नको. चुकून लागलेली लुकलुक टीमला आणीबाणीची खूण वाटू शकते.

राखीव दिव्यासाठी 300 ते 700 लुमेन आणि तसाच घट्ट झोत पुरतो. त्याच्याकडून दालन उजळण्याची अपेक्षा नसते. लाइन दिसावी, गेज वाचता यावे आणि जोडीदाराला खूण कळावी, एवढेच पुरे. मात्र सर्वांत दूरच्या टोकाला मुख्य दिवा गेला, तर तिथून पाण्याबाहेर येईपर्यंत एकट्याने साथ देण्याइतका वेळ प्रत्येक राखीव दिव्यात असला पाहिजे. मुख्य दिवा बंद पडला की राखीव लावायचा, टीमला कळवायचे आणि डायव्ह तिथेच संपवून परत फिरायचे. राखीव दिवा प्रखर आहे म्हणून पुढे जाणे, ही त्याची कामगिरीच चुकीची समजणे होय. दोन्ही राखीव दिवे छातीच्या पट्ट्यांवर, रबरी दोरीखाली अडकवलेले असावेत आणि डोळे मिटूनही हाताला लागावेत. डोके फिरवून लागणारा दिवा असेल तर बंद करताना पुरेसा सैल करावा, नाहीतर खोलीवरच्या दाबाने तो आपोआप लागतो आणि गरजेच्या वेळी रिकामा सापडतो.

पाचवी पायरी: पुण्यातच तपासून पाहावे

परदेशात जाऊन पहिल्यांदा दिवा लावणे परवडणारे नाही. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत साधा लक्स मीटर मिळतो. मोबाइलवरील ॲपपेक्षा तो बरा, कारण झोताच्या प्रखर मध्यावर मोबाइल लवकरच हात टेकतो. घरातील सर्वांत लांब मोकळी जागा घ्यावी, भिंतीपासून बरोबर 5 मीटरवर खूण करावी आणि रात्री सगळे दिवे मालवून झोताच्या मध्यावरचे लक्स मोजावेत. त्याला 25 ने गुणले की कँडेला मिळतात. माझ्या सध्याच्या दिव्याने 1,600 लक्स दाखवले, म्हणजे 40,000 कँडेला.

वेळेची चाचणी करताना मात्र दिवा कोरडा ठेवून चालवू नये. हे दिवे पाण्याने थंड होतात या भरवशावर बनवलेले असतात. हवेत ते तापतात आणि स्वतःचा उजेड कमी करतात किंवा खराब होतात. मी बादलीभर पाण्यात दिव्याचे डोके बुडवून ठेवतो, दर 15 मिनिटांनी बाहेर काढून, काच पुसून, एक मोजणी घेतो आणि परत बुडवतो. वहीत दोन रकाने, वेळ आणि लक्स. सव्वा तासापर्यंत आकडा 1,500च्या खाली गेला नाही, मग एकदम 800 झाला. त्या एका संध्याकाळने मला या दिव्याविषयी जे सांगितले ते खोक्यावर कुठेही नव्हते. हीच चाचणी राखीव दिव्यांचीही करावी, आणि बॅटऱ्या जुन्या होत जातात म्हणून दरवर्षी पुन्हा करावी.

दुसरी चाचणी टीमची. सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये, सेक्रेटरींची परवानगी घेऊन आणि वॉचमनला आधी सांगून, आम्ही तिघे रात्री अकरानंतर दिवे मालवतो. खांबांना गुडघ्याच्या उंचीवर नायलॉनची पांढरी दोरी बांधतो आणि एकामागे एक, न बोलता, दोरीच्या कडेने चालतो. मागच्याने मधेच कधीही खूण करायची. पुढच्याने मान न वळवता ती ओळखायची. दिव्यांची प्रखरता जुळते की नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. एका रात्री आमच्यातल्या एकाने नवा दिवा पूर्ण पातळीवर लावला आणि त्याच्या पुढच्याला स्वतःचाच ठिपका सापडेना. तिथेच ठरले की तो दिवा आमच्या टीममध्ये मधल्या पातळीवर चालेल, आणि त्या पातळीच्या बटणावर त्याने नखभर लाल टेप चिकटवला.

सहावी पायरी: विमानप्रवासाचा विचार

प्रखर दिवा म्हणजे मोठी बॅटरी, आणि मोठ्या बॅटरीला विमानात मर्यादा आहेत. 100 वॉट-तासांपर्यंतची लिथियम-आयन बॅटरी सामान्यतः नेता येते, 100 ते 160 दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्याहून मोठी प्रवासी सामानात चालत नाही. सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच हव्यात, टोके झाकलेल्या. 10.8 व्होल्ट आणि 6.8 अँपिअर-तासांचा पॅक सुमारे 73 वॉट-तासांचा होतो आणि तो सहज जातो. तोच दुप्पट क्षमतेचा घेतला तर 147 होतात आणि लोहगाव विमानतळाच्या काउंटरवर कागद दाखवावे लागतात. डायव्हिंगचा दिवा चुकून लागला तर आग लागण्याइतका तापू शकतो, म्हणून बॅटरी दिव्यापासून वेगळी काढूनच ठेवावी आणि विमान कंपनीला आधी ईमेलने विचारून उत्तराची छापील प्रत जवळ बाळगावी. माझ्या ओळखीच्या दोघांनी केवळ या कारणासाठी मोठा दिवा सोडून मध्यम घेतला आणि त्यांना त्याचा पश्चात्ताप झालेला मी पाहिला नाही.

बॅटरी काढताना-घालताना ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) केस किंवा धूळ राहत नाही ना, हे बोट फिरवून आणि मग उजेडात धरून पाहावे, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. मुक्कामी पोहोचल्यावर पहिला डायव्ह मुद्दाम लहान ठेवावा. बाहेरचा उजेड पोहोचतो त्या टप्प्यातच थांबून तिघांनी आपापले मुख्य दिवे ठरलेल्या पातळीवर लावावेत, प्रत्येकाने मागून खूण करून पाहावी, मग एकेक करून दोन्ही राखीव दिवे काढून, लावून, परत जागी अडकवावेत. हे सगळे झाल्यावर प्रशिक्षकाकडे पाहून झोताने एक सावकाश वर्तुळ काढावे आणि त्याचे वर्तुळ परत येईपर्यंत तिथेच थांबावे.